घरातला तांब्या संगणकावर उतरविताना

ज्या व्यासपीठावरून लोकशाही, साहित्य, विज्ञान आणि अध्यात्म असे थोर विषय मांडले जातात, तेथे घरातल्या पाण्याच्या तांब्यावर बोलावयास उभे राहणे थोडेसे धाडसाचेच आहे. पण वैशाखाच्या संध्याकाळी गोदाकाठी जमणाऱ्या श्रोत्यांत, ज्याने कधी तांब्या हातात धरला नाही असा एकही गृहस्थ वा गृहिणी सापडणार नाही. आणि ज्याने त्या तांब्याकडे नीट पाहिले आहे, असेही फारसे कोणी सापडणार नाही. आम्हीही त्यांतलेच होतो. जन्मभर एकाच तांब्याने पाणी पिऊनही त्याचा गळा पोटापेक्षा किती अरुंद आहे, हे कोणी विचारले असते तर आम्हांला सांगता आले नसते. ते सांगता येऊ लागले एका छंदामुळे. त्या छंदाची ओळख करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

छंद असा: घरातली नित्याची एखादी वस्तू घ्यावयाची, ती नीट मोजावयाची, आणि त्या मापांवरून संगणकाच्या पडद्यावर तिची घन आकृती उभी करावयाची. ही आकृती चित्रासारखी एकाच बाजूने दिसत नाही. ती फिरविता येते, मधोमध कापून आतून पाहता येते, तिचे पृष्ठफळ, घनफळ आणि गुरुत्वमध्य विचारता येतो. या कामासाठी ज्या संगणक-प्रणाली आहेत त्यांना ‘कॅड’ म्हणतात. संगणकाच्या साहाय्याने केलेले आरेखन, असा त्याचा सरळ अर्थ. नाशिककरांना हा शब्द नवा नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून यंत्रांचे भाग आधी असेच पडद्यावर आखले जातात आणि मग धातूत उतरतात. आमच्यातल्या अनेकांची मुले-मुली त्यावर पोट भरतात. मात्र जे पोटासाठी केले जाते ते घरी बसून हौसेनेही करता येते, आणि त्यासाठी अभियंता असावे लागत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आम्हांला या वाटेला लावले ते एका तराजूने. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जुनी भांडी खाली काढली. पितळी डबे, एक फुटकी परात, आणि आजीच्या वेळचा तांब्याचा एक तांब्या. घरात आता पोलादी भांडी आणि काचेच्या बाटल्या. तेव्हा हे सारे मोडीत द्यावे, असे सर्वानुमते ठरले. भांडी घेऊन आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने तांब्या उचलून काट्यावर ठेवला. ४३० ग्रॅम. त्याने त्या दिवसाचा मोडीचा भाव सांगितला आणि हिशेब केला. आम्ही सहज विचारले, “आणि घडणावळीचे काही?” तो सौजन्याने हसला आणि म्हणाला, “काका, मोडीत वजन जातं. घडण भट्टीत वितळते.”

त्याचे बोलणे व्यवहाराला धरूनच होते. पण ते ऐकून आम्ही तांब्या परत घेतला आणि बाकीची भांडी देऊन घरी आलो. घडण वितळते हे खरे; पण जी घडण वितळणार ती नेमकी काय, हे आपल्याला माहीत तरी आहे का, हा प्रश्न मनातून जाईना.

हा प्रश्न आमच्या आधी एका परदेशी जोडप्याला पडला होता, हे मागाहून कळले. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील विख्यात आरेखनकार पति-पत्नी भारत सरकारच्या निमंत्रणावरून आपल्या देशात हिंडले, आणि १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल सादर केला. नव्या भारतात वस्तूंचे आरेखन कसे शिकवावे, हा त्या अहवालाचा विषय. त्यांनी पाहिलेल्या असंख्य वस्तूंमध्ये ज्या एका वस्तूने त्यांना सर्वांत अधिक मोहविले, ती म्हणजे साधा लोटा. त्यांनी त्याच्याविषयी प्रश्नांची एक मालिकाच मांडली. पाणी किती मावावे? उचलणारा हात केवढा? तो डोक्यावरून न्यावयाचा की कमरेवर? भरलेला असताना, रिकामा असताना आणि ओतताना तोल कोठे येतो? तोंड केवढे असले म्हणजे भरता येते, ओतता येते आणि घासताही येते? दुसऱ्या भांड्याला लागला तर आवाज कसा येतो? आणि अखेर मोडीत दिला तर धातूचे काय मिळते? म्हणजे आमच्या दुकानदाराचा प्रश्नही त्या यादीत होता. फक्त तो एकटा नव्हता. या अहवालातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय आरेखन संस्था उभी राहिली. लोटा कोणा एकाने आखला नाही, पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी तो हळूहळू घडविला, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आमच्या माळ्यावर धूळ खात पडलेली वस्तू ती हीच.

आता या साधनाचा थोडासा इतिहास सांगितला पाहिजे. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली रचली. टीएक्स-२ नावाच्या प्रचंड संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढावयाची, अशी ती योजना होती. पण तिचे खरे महत्त्व रेघ ओढण्यात नव्हते. या दोन रेघा समांतर ठेव, या दोन समान लांबीच्या ठेव, अशी आज्ञा तीत संगणकाला देता येई, आणि मग आकृती कशीही हलविली तरी संगणक ती अट पाळीत असे. आजच्या अनेक कॅड-प्रणालींचा पाया या ‘बंधना’च्या कल्पनेवर उभा आहे. त्याच काळात फ्रान्समधील मोटार-कारखान्यांत, सित्रोएन येथे पॉल द कास्तेल्जो आणि रनो येथे पिएर बेझिए, या दोघांनी मोटारीच्या अंगाचे वळण गणितात कसे पकडावे, याच्या रीती बसविल्या. १९८२ साली ऑटोकॅड आल्यावर हे काम टेबलावरच्या छोट्या संगणकावर करता येऊ लागले. आणि ज्यांना पैसे खर्च करावयाचे नाहीत त्यांच्यासाठी २००२ पासून ‘फ्रीकॅड’ नावाची मुक्त प्रणाली उपलब्ध आहे. जगभरच्या हौशी व जाणत्या माणसांनी ती वाढवीत नेली आणि २०२४ साली तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. आम्ही हीच वापरतो. ती विनामूल्य मिळते आणि घरातल्या साधारण संगणकावर चालते.

या सबंध इतिहासात सर्वांत प्रसिद्ध झालेली आकृती विमानाची नव्हे, मोटारीचीही नव्हे. ती चहाच्या किटलीची आहे. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल नावाचे संशोधक संगणकचित्रांचे प्रयोग करीत होते. आकृती कशाची काढावी, असा विचार चालला असता त्यांच्या पत्नीने घरातला चहाचा संच सुचविला. न्यूएल यांनी किटलीसमोर बसून आलेखाच्या कागदावर तिचे रेखाटन केले, त्यावरून वक्ररेषांचे बिंदू ठरविले आणि ते संगणकात भरले. तेव्हापासून संगणकचित्रणाच्या क्षेत्रात नवी रीत तपासावयाची म्हणजे ती किटलीवर, असा प्रघातच पडून गेला. ती मूळ चिनीमातीची किटली आता कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. गंमत अशी की न्यूएल यांच्या मूळ आकृतीला बूडच नव्हते! चित्रात बूड दिसत नाही, म्हणून ते काढावयाचे राहिले. ते मागाहून दुसऱ्यांनी जोडले. ही बुडाची गोष्ट आपण ध्यानात ठेवावी; ती पुढे आमच्यावरही उलटणार आहे.

आता प्रत्यक्ष कृती. साहित्य अगदी थोडे लागते: एक व्हर्निअर कॅलिपर, एक पोलादी पट्टी, मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक सपाट काच. तांब्या काचेवर उभा केला. गुण्या काचेवर काटकोनात उभा धरून त्याची उभी कड तांब्याच्या पोटाच्या सर्वांत फुगीर भागाला टेकविली. मग खालपासून वरपर्यंत दर ५ मिलिमीटरला, गुण्याची कड आणि धातू यांमधली फट मोजीत गेलो. उंची १३५ मिलिमीटर भरली. पोटाचा व्यास १२६. गळ्याशी फट २४ आली, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ४८. ती १२६ मधून वजा जाता गळा ७८. व्हर्निअरने पडताळून पाहिले तेव्हा तेथेही ७८ च आले, आणि शाळकरी मुलासारखा आनंद झाला. तोंडाचा व्यास ९८, बुडाच्या टेकणीचा ७०.

पहिली चूक येथेच झाली. एवढ्या कष्टाने घेतलेली सगळी मापे वाया का घालवा, म्हणून आम्ही सारे बिंदू पडद्यावर मांडले आणि त्यांतून एक वक्ररेषा ओढली. तांब्याच्या पोटाला सुरकुत्या पडल्या! कारण उघड होते. प्रत्येक मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक असतेच, आणि प्रत्येक बिंदूतून जाण्याचा हट्ट धरणारी रेषा त्या चुकाही इमानाने गिरविते. तेव्हा आम्ही ते बिंदू बाजूला ठेवून विचार केला की, घडविणाऱ्याच्या मनात इतके बिंदू असतील काय? पुन्हा पाहिले, तेव्हा दिसले की पोटाचे वळण हा ६३ मिलिमीटर त्रिज्येच्या एकाच वर्तुळाचा तुकडा आहे. गळ्याशी तो उलट दिशेच्या लहानशा वळणात शिरतो आणि तेथून ओठ बाहेर झुकतो. तीन-चार वळणे, एवढीच ती घडण. मग आम्ही तेवढीच वळणे काढली आणि संगणकाला बंधने सांगितली: बूड आडवे ठेव, पोटाच्या वर्तुळाचा मध्य अक्षावर ठेव, जेथे एक वळण दुसऱ्याला मिळते तेथे कोपरा येऊ देऊ नकोस, गळा अक्षापासून ३९ वर ठेव. आकृतीतील प्रत्येक गोष्ट ठरली, आता काहीही आपणहून हलू शकत नाही, अशी स्थिती आली की फ्रीकॅडमध्ये रेघा हिरव्या होतात. त्या हिरव्या झाल्या म्हणजे आपण वस्तू पुरती सांगितली असे समजावे. त्याआधी आपल्याला ती कळली आहे असा नुसता भास असतो.

ही झाली तांब्याची अर्धी बाह्यरेषा. ती अक्षाभोवती एकदा पूर्ण फिरवावयास सांगितली की पडद्यावर तांब्या उभा राहतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात स्थिर असतो. येथे हाताने काढलेली रेघच फिरते, एवढाच फरक. फिरकीने घडणाऱ्या सर्व वस्तू, म्हणजे वाटी, पेला, कळशी, भोवरा, लाटणे, याच एका कृतीने होतात.

संगणकाने सांगितलेला आकडा डोळे मिटून मानू नये, म्हणून ताळा पाहणे आवश्यक असते. त्यासाठी आम्हांला परदेशी जावे लागले नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या घराण्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त गोलाचे गणित दिले आहे: वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, आणि त्याला व्यासाने गुणून ६ ने भागले की घनफळ. तांब्याचे पोट १२.६ सेंटिमीटर व्यासाचा गोल मानले तर पृष्ठफळ सुमारे ४९९ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ सुमारे १,०४७ घन सेंटिमीटर येते. गोलाचा वरचा व खालचा तुकडा कापला गेला, त्याची काट आणि गळा-ओठाची भर धरली म्हणजे संगणकाचे पृष्ठफळ ५३७ का आले, ते पटते. मोठी चूक झाली असती तर ती अशा ढोबळ हिशेबातच उघडी पडली असती.

आता पत्र्याची जाडी. गळ्यातून आत व्हर्निअर जात नाही, मग पोटाची जाडी मोजावी कशी? तराजूने. तांबे एका घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम भरते. तेव्हा ४३० ग्रॅम म्हणजे ४८ घन सेंटिमीटर तांबे. ते ५३७ चौरस सेंटिमीटरवर पसरले आहे, म्हणून सरासरी जाडी सुमारे ०.९ मिलिमीटर. ज्या वजनाने मोडीचा भाव ठरला, त्याच वजनाने घडणीतले एक रहस्य सांगितले. एवढ्या पातळ पत्र्याला पिढ्यान्पिढ्या टिकण्याचे बळ आले कोठून? ते ठोक्यांमुळे आले. तांबट भांड्याला शेवटी मठारतो, म्हणजे लहान हातोडीने सर्वांगावर जवळजवळ ठोके देतो. त्याने चमक येते आणि तांबे थंडपणी ठोकले गेल्याने ताठही होते. शोभा आणि मजबुती एकाच ठोक्यात साधली जाते.

जाडी भरताच संगणकाने सांगितले, काठोकाठ पाणी १,११५ मिलिलिटर मावेल. आम्ही तांब्या काट्यावर ठेवून काठोकाठ भरला. पाण्याचे वजन १,०८५ ग्रॅम, म्हणजे तितकेच मिलिलिटर. ३० मिलिलिटर कमी! जेमतेम दोन मोठे चमचे. पण ते पाणी गेले कोठे, याने आमची झोप उडविली. गणित पुनः पुन्हा तपासले. तेथे चूक नव्हती. मग चूक आमच्या पाहण्यात असली पाहिजे.

शेवटी तांब्या घेऊन आम्ही भांडी बाजाराकडे गेलो आणि एका वयोवृद्ध कारागिरापुढे तो ठेवला. त्यांनी आकडे ऐकून घेतले, तांब्या उलटा केला आणि बुडावरून अंगठा फिरविला. “अहो, हे बूड बघितलंत का? आत चढवलंय. सपाट ठेवलं तर पुढंमागं पोटाला येतं आणि तांब्या पाटावर डुलायला लागतो. आत चढवलं की कडेवर बसतो.” आम्ही घरी येऊन मोजले. ७० मिलिमीटरच्या टेकणीत बूड मधोमध ६ मिलिमीटर वर चढलेले होते. हिशेबाने १२ मिलिलिटर पाणी तेथे बाहेर राहात होते. बाहेरून उभ्या तांब्याकडे पाहताना बूड दिसत नाही, म्हणून आम्ही ते सपाट धरले. युटाच्या किटलीला हसलेले आम्ही, आमच्या तांब्यालाही खरे बूड नव्हतेच!

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती तांब्या हातात गरकन फिरवून. “गोल नाही हा. पडलाय कधी तरी.” आम्ही मापे एकाच बाजूने घेतली होती. काटकोनात दुसऱ्या बाजूने व्हर्निअर लावला तेव्हा पोटाचा व्यास १२६ च्या जागी १२४ भरला. तेवढ्याने आणखी सुमारे १५ मिलिलिटर कमी होतात. उरले ३, ते आमच्या पट्टीच्या आणि काट्याच्या माथी मारून आम्ही निश्चिंत झालो.

घरी येऊन विचारले तेव्हा आमच्या थोरल्या भगिनी म्हणाल्या, “पडला होता ना. आजी गेली त्या वर्षी. विहिरीच्या काठावरून फरशीवर. तेव्हापासून ती बाजू भिंतीकडे करून ठेवायचो.” घरातल्या सर्वांना ठाऊक असलेली ती गोष्ट आम्ही विसरलो होतो, आणि ती १५ मिलिलिटरच्या तुटीतून परत आली.

येथे एक खरा प्रश्न उभा राहिला, आणि या छंदात तो प्रत्येकाला केव्हा ना केव्हा भेटतो. पडद्यावर कोणता तांब्या काढावयाचा? तांबटाने घडविला तो, की आज आहे तो? तांबटाचे पोट गोलच असणार, साधारण १२५ व्यासाचे. आजचे पोट चेपलेले आहे. पहिला काढला तर घडण कळते, पण आमच्या घरातला तांब्या तो नव्हे. दुसरा काढला तर वस्तू खरी, पण घडविणाऱ्याच्या पदरी त्याने न केलेला दोष बांधला जातो. आम्ही दोन्ही काढले. बंधनांनी बांधलेल्या आकृतीत हे सोपे असते: १२६ च्या जागी १२५ लिहिले की सारी आकृती आपोआप सावरून बसते, गळा-ओठाला धक्का लागत नाही. एका धारिणीला नाव दिले ‘घडविलेला’, दुसरीला ‘असलेला’. जुन्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्यांनाही हाच निर्णय नित्य घ्यावा लागतो. फक्त त्यांची चूक परत पुसता येत नाही.

कोणी म्हणेल, आता खिशातल्या दूरध्वनीने चारी बाजूंनी छायाचित्रे घेतली की संगणक आपणहून घन आकृती बनवितो. हा व्हर्निअरचा खटाटोप कशाला? ती साधने उपयुक्त आहेत आणि मूर्तीसारख्या वेड्यावाकड्या आकारांना त्यांवाचून गत्यंतर नाही. पण त्यांतून हाती येते ते वस्तूचे कातडे: लक्षावधी बिंदू, आणि त्यांत एकही कारण नाही. पोटाची त्रिज्या ६३ आहे, बूड डुलू नये म्हणून आत चढविले आहे, हे त्या बिंदूंना माहीत नसते. छायाचित्र घेणाऱ्यालाही ते कळण्याची गरज पडत नाही. आमच्या छंदाचा लाभ मात्र आकृतीपेक्षा त्या कळण्यातच अधिक आहे.

ज्यांना सुरुवात करावयाची असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी पाट घ्यावा: एक फळी आणि दोन पट्ट्या, सगळे काटकोन. मग वाटी, म्हणजे रेघ फिरविण्याची सवय होते. तिसरा तांब्या. चौथा चहाचा कप. त्याचा कान पोटाला जेथे मिळतो ते वळण साधणे वाटते तितके सोपे नाही. पाचवा झाकणाचा डबा. तेथे कळते की झाकण आणि डबा यांचे माप एकच ठेवले तर झाकण बसतच नाही, मध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते. आणि शेवटी अडकित्ता, कारण त्याच्या दोन पात्यांना एकमेकांना न अडता फिरावे लागते. दर रविवारी दोन तास दिले तर तीन-चार महिन्यांत येथवर मजल जाते. घरातली दहा-बारा वर्षांची मुले बरोबर घेतली तर व्यास, त्रिज्या आणि घनफळ हे शब्द त्यांना पुस्तकातून पाठ करावे लागत नाहीत.

याला एक व्यावहारिक अंगही आहे. घन-मुद्रकावर, ज्याला थ्री-डी प्रिंटर म्हणतात त्यावर, अशी आकृती प्लॅस्टिकमध्ये छापून मिळते. खणाची तुटलेली मूठ, पडद्याच्या दांडीचा हरवलेला टोपण-तुकडा, असे बाजारात न मिळणारे भाग घरच्या घरी होतात. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. या कामी नेहमी वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. तेव्हा शेगडीजवळ, किंवा उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत त्याचा भरवसा धरू नये. आणि कुकरच्या झडपेसारखा ज्यावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे, तो भाग हौसेखातर कधीही बनवू नये.

आता या छंदाला जे साधत नाही तेही सांगितले पाहिजे. आमच्या पडद्यावरच्या तांब्याला नाद नाही. मठारलेल्या अंगावरचे हजारो ठोके त्यात नाहीत. ते काढता येतीलही, पण काढलेला ठोका म्हणजे दिलेला ठोका नव्हे. त्या कारागिरांना आम्ही पडदा दाखविला तेव्हा त्यांनी तो कौतुकाने पाहिला, बोटाने फिरवून पाहिला, आणि विचारले, “हे बघून कुणाला घडवता येईल का?” आम्ही म्हणालो, मापे सगळी आहेत. ते म्हणाले, “मापं आहेत. हात पाहिजे.” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आकृती हाताची जागा घेत नाही. पण ज्या दिवशी एखाद्या शिकाऊ पोराला जुन्या घडणीचा तांब्या करावासा वाटेल, त्या दिवशी गळा किती आणि बूड किती चढवावयाचे, हे तरी त्याला अंदाजाने शोधावे लागू नये, इतके आपल्या हातात आहे.

जुन्या नाशकातल्या घराघरांतून अशी भांडी अजून माळ्यांवर पडून आहेत. सर्वच जपून ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. जागा लहान झाल्या आहेत, आणि मोडीत दिलेले तांबे पुन्हा कोणाच्या तरी घरी भांडे होऊनच जाते. आमची विनंती एवढीच आहे की, काट्यावर ठेवण्यापूर्वी एक रविवार त्या वस्तूला द्यावा. मोजावी, उलटी करून बूड पाहावे, आणि कोठे चेपली असेल तर ती कशी चेपली हे घरातल्या वडील माणसांना विचारून घ्यावे.

आमचा तांब्या मोडीत गेला नाही. आतून कल्हई करून घेतली आहे, आणि चेपलेली बाजू आता आम्ही भिंतीकडे करीत नाही.